शरदातलं जपान, वर्धामार्गे

निक्कोच्या डोंगरातली मेपलची पानं ऑक्टोबरातच रंग धरतात, क्योतोची नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. हे वेळापत्रक आता पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच घरांत तोंडपाठ झालंय. पितृपक्षात चौकशी सुरू होते, घटस्थापनेला विमानाची भाडी बघितली जातात आणि दसऱ्यापर्यंत एक तर बुकिंग झालेलं असतं किंवा बेत पुढच्या वर्षावर गेलेला असतो. आमचा बेत दुसऱ्या जातीतला. चार-पाच दिवसांच्या ‘छोट्या’ सहलीचा खर्च कागदावर मांडला, त्यात व्हिसा, विमा आणि तिथल्या रेल्वेचे पास मिळवले आणि कागदाची घडी घालून ठेवून दिली. घरातली जपानी शिकणारी लेक हिरमुसली. तिला म्हटलं, शरदातलं जपान बघायचंय ना? मग सेवाग्राम एक्स्प्रेसची तिकिटं काढ.

तिला ती थट्टा वाटली. पण वर्धा जिल्ह्याचा आणि जपानचा संबंध खरोखरच जुना आहे, आणि दुपेडी आहे. एक पेड कापसाचा, दुसरा ढोलाचा. कापूस इथून तिकडे गेला, ढोल तिकडून इकडे आला. दोन्हींच्या खुणा वर्धा शहर, सेवाग्राम आणि पवनार या एवढ्याशा टापूत उभ्या आहेत आणि दोन दिवसांत, धावपळ न करता, पाहून होतात.

बेत आखताना दोनच गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, हवा. ऑक्टोबरचं ऊन विदर्भात कुणाला सोडत नाही. कोजागिरी उलटली की सकाळ-संध्याकाळ सुखाची होते, म्हणून कोजागिरी ते दिवाळी हा पंधरवडा उत्तम. गांधीजयंतीला सेवाग्रामात गर्दी असते, निवांत पाहायचं असेल तर तो दिवस टाळावा. दुसरी गोष्ट स्टेशनची. मुंबई-नागपूर मार्गावरच्या गाड्या वर्धा जंक्शनला थांबतात, तर दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या सेवाग्राम स्टेशनला. हे सेवाग्राम स्टेशन म्हणजे पूर्वीचं ‘वर्धा पूर्व’. आश्रम तिथून काही किलोमीटर आत आहे, त्यामुळे स्टेशनवर उतरून आश्रम शोधत बसू नये. गंमत म्हणजे मुंबईहून येणारी सेवाग्राम एक्स्प्रेस आपल्याला वर्धा जंक्शनलाच उतरवते.

गाडीनं बडनेरा सोडलं की जाग आलेली बरी. चांदूर, धामणगाव मागे पडतं, पुलगावच्या अलीकडे वर्धा नदीचा पूल लागतो आणि वऱ्हाड संपून वर्धा जिल्हा सुरू होतो. या दिवसांत दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली असते. सोयाबीन काढून गंज्या लावलेल्या, तूर अजून हिरवीगार, आणि मधल्या पट्ट्यांत कमरेला ओटी बांधून वेचणी करणाऱ्या बाया. हंगामातली पहिली वेचणी सुरू करण्याआधी इकडे शेतात सीतादही करतात: दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो शेतात शिंपडायचा आणि मग बोंडाला हात लावायचा. जपानी माणसं शरदात पानांचा रंग बघायला गावोगाव हिंडतात. आपल्याकडे शरदाचा रंग पांढरा आहे, आणि तो बघायला कुणी येत नाही. तो वेचायला येतात.

या पांढऱ्या रंगामुळेच वर्धा शहर आहे. गाव तसं तरुण. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला, तेव्हा त्याचं मुख्य ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवं शहर आखलं गेलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. रेल्वे माणसांसाठी आली, त्याहून जास्त कापसासाठी आली. जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा मुंबईच्या बाजारात मोठं होतं. मध्य प्रांत, वऱ्हाड आणि खानदेशातला कापूस व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई, उमरावतीच्या नावावरून. त्याचा धागा आखूड, भाव कमी. लँकेशायरच्या गिरण्यांना तो फारसा रुचत नसे. जपानच्या गिरण्यांना मात्र तो हवाच होता, कारण जाड सूत काढायचं, तर स्वस्त कापूस लागतो.

अडचण होती ती वाहतुकीची. मुंबई ते जपान मालवाहतूक मोजक्या युरोपीय कंपन्यांच्या हातात आणि भाडं त्या म्हणतील ते. जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीशी संधान बांधलं आणि १८९३ मध्ये मुंबई-कोबे अशी जहाजफेरी सुरू झाली. जमशेटजींना या मुलखाचा कापूस चांगला ठाऊक होता. त्यांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालत होती. या फेरीनं पुढच्या चाळीस वर्षांची वाट बांधून दिली. इकडच्या शेतातला कापूस मुंबईला चढायचा, कोबेला उतरायचा, ओसाकाच्या गिरण्यांत कातला-विणला जायचा आणि कापड होऊन पुन्हा आपल्याच बाजारात यायचा. लँकेशायरनं हा फेरा आधी घातला होता. जपाननं तोच अधिक स्वस्तात घातला.

१९३३ साली या सगळ्याला गाठ बसली. स्वस्त जपानी कापडानं इथल्या आणि इंग्लंडच्या गिरणीवाल्यांची झोप उडवली होती. जूनमध्ये सरकारनं ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उलटा डाव टाकला: हिंदुस्थानी कापूसच घ्यायचा नाही. दोन सरकारं आणि दोन देशांचे गिरणीवाले भांडत होते, मार बसत होता तो कपाशी पिकवणाऱ्याला. सप्टेंबरात सिमल्याला वाटाघाटी सुरू झाल्या आणि १९३४ च्या जानेवारीत तडजोड झाली. जपाननं वर्षाला दहा लाख गाठी कापूस घ्यावा आणि त्या बदल्यात साडेबत्तीस कोटी वार कापड इथे विकावं. कापूस जास्त घेतला तर कापड चाळीस कोटी वारांपर्यंत वाढवावं. शेतकरी काय पिकवणार आणि काय नेसणार, हे एका करारात बसलं.

त्याचं उत्तर ज्यांनी शोधलं, त्यांचं घर वर्ध्यात मगनवाडीला आहे. वर्ध्याची सहल इथून सुरू करावी. जमनालाल बजाजांनी आपली बागेतली वास्तू ग्रामोद्योगाच्या कामाला दिली, तिला मगनलाल गांधींचं नाव पडलं. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पा इथून पाहायचे. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. संग्रहालय म्हटलं की डोळ्यांपुढे नाणी आणि तलवारी येतात. इथे आहेत ते चरखे. मोठ्या चाकाचे, बैठे, उभे, येरवड्याच्या तुरुंगात आकाराला आलेला पेटीचरखा, नंतरच्या काळातला अंबर चरखा. पेटीचरख्यापुढे आम्ही बराच वेळ उभे होतो. लहानमोठी दोन चाकं, त्यांना जोडणारी माळ, आणि सगळं मिटवलं की हातात धरून नेता येईल अशी लाकडी पेटी. लेकीनं सगळा हिशेब एका वाक्यात केला: म्हणजे कापूस आपला, कापड त्यांचं आणि त्यावर हा तोडगा? तोडगा पुरेसा होता का, यावर अर्थशास्त्रज्ञ नव्वद वर्षं वाद घालताहेत. पण सिमल्यात गाठींचा आणि वारांचा सौदा ज्या काळात चालला होता, त्याच काळात हे लोक त्या सौद्याबाहेर पडायची वाट शोधत होते, एवढं मगनवाडीत स्वच्छ दिसतं.

आणि त्याच शरदात ढोल आला. साबरमतीचा आश्रम विसर्जित करून गांधीजी सप्टेंबर १९३३ मध्ये वर्ध्याला आले होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक जपानी भिक्खू त्यांना भेटायला आला. नाव निचिदात्सु फुजी. जन्म १८८५ चा, कुमामोतो प्रांतातल्या आसो ज्वालामुखीच्या परिसरातला. तेराव्या शतकातल्या निचिरेन या आचार्याच्या पंथातले. बुद्धाचा धर्म जपानातून पुन्हा त्याच्या मायदेशी जाईल, असं निचिरेन म्हणून गेला होता. फुजींनी ते अक्षरशः अंगावर घेतलं आणि १९३१ मध्ये कलकत्त्याला उतरले. पंख्याच्या आकाराचा, मुठीत धरायचा, एका बाजूनं कातडं ताणलेला ढोल वाजवत, मंत्र म्हणत चालायचं, ही त्यांची उपासना. व्याख्यान नाही, वादविवाद नाही. गांधीजींना ते भावलं असावं, कारण हा मंत्र वर्ध्याच्या प्रार्थनेत शिरला तो कायमचा. लोक फुजींना ‘गुरुजी’ म्हणू लागले आणि जगभर तेच नाव त्यांना चिकटलं. ते पुढे गेले, त्यांचे सहकारी भिक्खू अधूनमधून आश्रमात राहत राहिले.

त्या भेटीचं दगड-चुन्यातलं रूप गोपुरीला आहे. वर्धा शहराच्या कडेला, मोठ्या बागेत, पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप. चारी दिशांना बुद्धमूर्ती, भोवती प्रदक्षिणेची वाट आणि शेजारी छोटंसं जपानी बुद्धमंदिर. हिरोशिमा-नागासाकीनंतर फुजी गुरुजींनी ठिकठिकाणी शांतिस्तूप उभारायचा ध्यास घेतला. पहिला १९५४ मध्ये कुमामोतोच्या हानाओका टेकडीवर झाला. आपल्याकडे राजगीरचा १९६९ मध्ये झाला, धौलीचा १९७२ मध्ये. वर्ध्याचा स्तूप पूर्ण व्हायला मात्र १९९३ उजाडलं. गुरुजी १९८५ मध्येच, शंभरीच्या उंबरठ्यावर गेले होते. मंदिरातल्या कॅलिग्राफीपाशी लेक अडकली. फराट्यांच्या, मिशा फुटल्यासारख्या त्या लिपीतली सात चित्राक्षरं तिनं बोट न लावता हवेत गिरवली आणि बरोबर ओळखली. तिच्या जपानीच्या वर्गात असलं अक्षर शिकवत नाहीत.

स्तूपाला लागूनच गीताई मंदिर आहे. १९८० मध्ये विनोबांच्या हस्ते ते खुलं झालं. मंदिर म्हणावं तर मूर्ती नाही, छप्पर नाही. ग्रॅनाइटच्या उभ्या शिळा ओळीनं रोवलेल्या आणि त्यांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेले. आपण त्या शिळांच्या मधून चालत राहायचं. वर आभाळ. ऑक्टोबरच्या दुपारी दगड तापतात, म्हणून इथे सकाळीच यावं किंवा उन्हं उतरल्यावर. एका बागेत बुद्धाचा स्तूप आणि गीतेच्या शिळा, असा शेजार मुद्दाम आखून जमत नाही. वर्ध्यात तो जमला, कारण जमनालाल बजाजांनी हे गावच तसं घडवलं होतं. त्यांच्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जुलै १९२८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना खुलं झालं, तेव्हा देशात अशी उदाहरणं शोधावी लागत. ते मंदिर आजही गावात नांदतं आहे, दर्शनाला जाता येतं. स्वतः जमनालालजी अखेरच्या काळात गोपुरीला झोपडीत राहून गोसेवा करत होते. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. त्या गोसेवेचा चवीचा वारसा म्हणजे गोरसपाक, गायीच्या तुपातला, खुसखुशीत, पुडक्यात मिळणारा. वर्ध्याहून घरी न्यायची वस्तू हीच. बाकी, जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, हे ज्यांच्या बेतात बसत नाही त्यांनी आधीच ध्यानात घ्यावं.

मुक्काम सेवाग्रामला करावा, आश्रमासमोर यात्री निवास आहे. वर्ध्याहून अंतर आठेक किलोमीटर. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला इथे आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल तिकडे जाऊ लागलं, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम झालं. आदी निवास, बा कुटी, बापू कुटी, आखरी निवास. माती, बांबू आणि कवेलूंची ही घरं नीट सारवून-लिंपून राखलेली आहेत. परचुरे कुटीपाशी जरा थांबावं. महारोग झालेल्या संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना इथे ठेवून गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करत. बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली खजुराची झाडं आणि चरखा अजून ठळक आहेत. वापरातल्या वस्तूंत तीन माकडं आहेत. डोळे, कान आणि तोंड झाकणारी ही माकडं मूळची जपानी. निक्कोच्या तोशोगू देवस्थानातल्या सतराव्या शतकातल्या कोरीव पट्टीमुळे ती जगभर गेली. गांधीजींना ती भेट दिली चीनहून आलेल्या पाहुण्यांनी. त्या काळात जपान चीनवर बॉम्ब टाकत होता, हे आठवलं की त्या एवढ्याशा चिनी मातीच्या खेळण्यापुढून पाय लवकर निघत नाही.

कारण सेवाग्रामची जपानशी मैत्री भोळी नव्हती. १९३८ च्या डिसेंबरात ताकाओका नावाचे जपानी संसदेचे सदस्य इथे आले. जपान आणि हिंदुस्थान यांचं ऐक्य कसं व्हावं, यावर त्यांना दोन शब्द हवे होते. ‘आशिया आशियाईंसाठी’ ही घोषणा तेव्हा जपानात जोरात होती. गांधीजींनी त्यांना सरळ सांगितलं की, युरोपाविरुद्ध टोळी करायची असा तिचा अर्थ असेल तर ती आपल्याला मान्य नाही. आशियानं विहिरीतला बेडूक होऊन चालायचं नाही. जपाननं हिंदुस्थानकडे हावरेपणानं बघणं सोडलं तर ऐक्याची गोष्ट बोलता येईल. पाहुणा ज्या शिफारसपत्राच्या आशेनं आला होता, ते त्याला मिळालं नाही.

त्याच आवारात तेव्हा एक जपानी भिक्खू आश्रमवासी म्हणून राहत होता. आश्रमाची कामं करायचा, पहाटे आणि संध्याकाळी ढोल वाजवायचा. डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं ब्रिटनशी युद्ध पुकारलं आणि सरकारनं त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आश्रमातून उचललं. ढोल मागे राहिला. पुढच्या एप्रिलात विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. जपान ब्रह्मदेश गिळून सरहद्दीशी येऊन ठेपलेला, आणि देशात एक मोठा वर्ग मनातून त्याची वाट बघत होता; साहेबाला घालवायला कुणी का येईना! वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं १४ जुलै १९४२ ला ‘छोडो भारत’चा ठराव केला. त्यानंतर चारच दिवसांनी, १८ जुलैला, गांधीजींनी सेवाग्रामहून एक पत्र लिहिलं, ‘प्रत्येक जपानी माणसास’. २६ जुलैच्या ‘हरिजन’मध्ये ते छापून आलं.

हे पत्र आश्रमात बसून वाचावं. चीनवरचं तुमचं आक्रमण मला अत्यंत नापसंत आहे, हे ते आरंभालाच सांगतात. इंग्रजांनी जावं असं आम्ही म्हणतो म्हणून तुमचं इथे स्वागत होईल, या भ्रमात राहू नका. इंग्रजांचा असो, नाझींचा असो की तुमचा, प्रत्येक लष्करशाहीला तोंड द्यायला आम्हाला मोकळं व्हायचं आहे, असा त्याचा रोख. आणि याच पत्रात ते त्या भिक्खूविषयी लिहितात. त्याची कामसू वृत्ती, त्याचा शांत स्वभाव, त्याचं हसणं. तो गेल्यानं आम्हाला चुकल्यासारखं होतं. त्याची प्रार्थना आणि त्याचा लहानसा ढोल आमच्यापाशी आहे आणि सकाळ-संध्याकाळची आमची प्रार्थना त्यानंच सुरू होते. एका राष्ट्राला खडसावताना त्याच राष्ट्राचा मंत्र रोज दोनदा म्हणत राहायचं, हे राजकारणात बसत नाही. सेवाग्रामात ते बसलं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास आवारातल्या पिंपळाजवळ सतरंज्या पडतात. पिंपळ गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला. आश्रमवासी, दवाखान्यात पेशंटसोबत आलेले नातेवाईक, सहलीची मुलं, आमच्यासारखे प्रवासी, सगळे मांडी घालून बसतात. कुणी प्रस्तावना करत नाही. थोडी शांतता आणि मग पहिला सूर लागतो तो ‘नम्यो हो रेंगे क्यो’चा, उपनिषद त्याच्या नंतर. आश्रमातली म्हातारी माणसं तो मंत्र अशा सवयीनं म्हणतात की तो कुठल्या परक्या भाषेतला आहे, हे त्यांना कुणी विचारलं तरच आठवावं. लेकीचा उच्चार त्यांच्याहून शुद्ध होता. तिनंच तो मग हळू केला आणि त्यांच्या चालीत मिसळली.

दुसरी सकाळ पवनारची. वर्धा-नागपूर रस्त्यावर धाम नदीच्या काठी विनोबा १९३८ मध्ये प्रकृतीच्या कारणानं येऊन राहिले. कुदळ चालवावी तिथे जुन्या मूर्ती निघू लागल्या. पाचव्या शतकातल्या वाकाटकांची प्रवरपूर ही राजधानी म्हणजेच पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, त्यावर विद्वानांत मतभेद आहेत. रामकथेतले प्रसंग कोरलेली ती शिल्पं आश्रमाच्या भिंतींत बसवलेली आहेत. भरतभेटीच्या शिल्पापाशी थोडं रेंगाळावं. दगड झिजलाय, पण दोघांच्या खांद्यांतली ओढ झिजलेली नाही. १७ ऑक्टोबर १९४० ला, असाच शरद असताना, विनोबांनी याच गावात युद्धाविरुद्ध भाषण केलं आणि ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. त्याच्या तीनच आठवडे आधी जपान, जर्मनी आणि इटली यांनी बर्लिनला हातमिळवणी केली होती.

१९५९ पासून इथे ब्रह्मविद्या मंदिर आहे. स्त्रियांनी चालवलेली ही सामूहिक साधना. शेती, स्वयंपाक, छपाई, सगळं त्याच करतात. विनोबांची भाषांची हौस प्रसिद्ध आहे. भूदान पदयात्रेत सोबत असलेल्या एका जपानी बौद्धाकडून त्यांनी जपानीचेही धडे घेतले आणि जपानीची वाक्यरचना आपल्या भाषांसारखीच आहे, तेव्हा तिला नागरी लिपी चालेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. हजारभर चित्राक्षरं घोकून दमलेल्या आमच्या लेकीला विनोबा त्या क्षणी फार जवळचे वाटले.

आश्रमातून पायऱ्या उतरून नदीवर जाता येतं. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १२ फेब्रुवारी १९४८ ला या पात्रात विसर्जित झाला, तिथे स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी सर्वोदय मेळा भरतो. विनोबा १५ नोव्हेंबर १९८२ ला, ऐन दिवाळीत, अन्नपाणी सोडून इथेच गेले. शरदात धामच्या काठावर कास फुललेली असते. जपानी शरदाच्या प्रत्येक चित्रात दिसणारं सुसुकी नावाचं तुरेवालं गवत याच कुळीतलं. मेपल नाही, हे खरं. पण सुसुकीची बहीण पवनारला फुकट भेटते.

ज्यांच्या हातात आणखी एक दिवस असेल, त्यांनी पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपूरला जावं. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तीही विजयादशमीलाच. या भूमीत गेली पाच-सहा दशकं काम करणारे भदंत सुरई ससाई जन्मानं जपानी आहेत. जवळच्या कामठीला जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीनं उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिर आहे. जपानातून धर्म परत येईल, हे निचिरेनचं म्हणणं विदर्भात असं अनेक अंगांनी खरं ठरलं. त्याला अभिप्रेत होतं तसं नसेल, पण ठरलं.

जपानला जायचं असेल तर जरूर जावं. तिथली शहरं, तिथल्या गाड्या, तिथली पानं, हे वर्ध्यात मिळणार नाही आणि मिळतं असा आव कुणी आणू नये. मात्र परदेशाशी माणसं कशी वागतात, त्याला कापूस विकतात, त्याच्या कापडाशी झुंजतात, त्याचा मंत्र आपला करतात आणि तो चुकला की तोंडावर सांगतात, हे बघायला क्योतो उपयोगाचं नाही. त्याला वर्धाच हवं. म्हणून माझं मत असं की जपानच्या यादीत पहिलं नाव वर्ध्याचं टाकावं. बेत सोपा आहे: पहिल्या दिवशी सकाळी मगन संग्रहालय, उन्हं उतरल्यावर गीताई मंदिर आणि स्तूप, मग सेवाग्रामची प्रार्थना, दुसऱ्या दिवशी पवनार आणि परतीची गाडी. मगन संग्रहालयाची सुटी तेवढी आधी विचारून घ्या. प्रार्थनेचं काही विचारावं लागत नाही. ती रोज असते, आणि तिला तिकीट नाही.